तीन पावसांचा नियम

पत्रेकाकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. अँब्युलन्स उभ्या करायच्या शेडवरचे पत्रे सांभाळायचे, म्हणून पत्रेकाका. एकतीस वर्षं हेच काम. खाली सहा गाड्यांच्या सहा जागा, वर लांबलचक पत्र्याचं छप्पर, आणि त्या छपराला जिथं भोक पडेल तिथं हे गृहस्थ हजर. मी तिथल्या स्टोअरची कारकून. वायसर, हुक, डांबराचे डबे सगळे माझ्या ताब्यात, त्यामुळे आमचं भांडण रोजचं. ते चार वायसर मागायचे, मी दोन पुढे सरकवायचे. बाई, तुमच्या घरचं जातंय का, असं ते विचारायचे आणि घरचं असतं तर एकच दिला असता, असं मी सांगायचे. माझी जीभ तिखट आहे. ते मला ठाऊक आहे, कुणी वेगळं सांगायची गरज नाही.

छप्पर गळणं म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडून कळलं. पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडेच. पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीवरून ते चार-चार हात चालत जातं आणि मनाला येईल तिथं खाली सुटतं. भोक सापडायला कधीकधी दोन आठवडे लागायचे. तोवर गाडीवर पाणी पडू नये म्हणून काकांनी एक पद्धत पाडली होती. थेंब जिथं पडेल तिथं फरशीवर खडूनं वर्तुळ काढायचं आणि आत तारीख घालायची. वर्तुळावर गाडीचं नाक आणायचं नाही. वरचं भोक बुजवलं तरी वर्तुळ लगेच पुसायचं नाही. तीन पाऊस पडून फरशी कोरडी राहिली, तरच काका गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं ते पुसायचे. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण जुन्या ड्रायव्हरांच्या तो अंगवळणी पडला होता. लग्नाच्या बायकोवर तरी इतका संशय घेतला होता का, असं मी एकदा चिडवलं. ते शांतपणे म्हणाले, "बायको खोटं बोलत नाही, पत्रा बोलतो."

त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघराचं छप्पर मात्र गळायचं. काकू कधी भेटल्या की हसत सांगायच्या, दिव्याखाली अंधार. त्यांना एकच मुलगी, ती लग्न होऊन लांब गेलेली. बहुतेक म्हणूनच नव्या ड्रायव्हरवर काकांचा जीव जडला असावा. ती आमच्याकडची पहिलीच बाई ड्रायव्हर. सव्वीस वर्षांची, घरी अंथरुणाला खिळलेली आई. ती गाडी मागं घेताना बाकीचे ड्रायव्हर मुद्दाम कामं सोडून बघायला यायचे. काका गाडीच्या मागं उभे राहून तिला हातानं खुणा करायचे आणि बघ्यांना म्हणायचे, तुम्ही पहिल्या महिन्यात दोन खांब वाकवले होते, ते खांब अजून आहेत, दाखवू का. दोन महिन्यांत ती त्या सगळ्यांपेक्षा सरळ गाडी लावायला लागली.

त्या वर्षी वरच्या ऑफिसातून पाहणी येणार होती. आमचे साहेब आदल्या दिवशी शेडमधून फिरले आणि चार नंबरच्या जागेवर थांबले. फरशीवर खडूचं वर्तुळ होतं. ही काय बालवाडी आहे का, उद्यापर्यंत फरशी आरशासारखी पाहिजे, एवढं बोलून ते निघून गेले. चार नंबरवरचं भोक काकांनी दोनच दिवसांपूर्वी बुजवलं होतं. त्यानंतर एक पाऊस झाला होता आणि फरशी कोरडी राहिली होती. अजून दोन व्हायचे होते.

काका बादली घेऊन त्या वर्तुळापाशी बराच वेळ उभे राहिले. मी स्टोअरच्या दारातून बघत होते. आणि मीच बोलले. म्हटलं, काका, एकतीस वर्षांचा हात आहे, आता तरी स्वतःवर विश्वास ठेवा. माझ्या तोंडून कौतुक ऐकायची त्यांना सवय नव्हती. ते चक्क लाजले. "मलाही वाटतंय, या वेळी बरोबर पकडलंय," म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी वर्तुळ पुसलं.

पाहणी छान झाली. फरशीचं कौतुक झालं. छपराकडे कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्या रात्री वाऱ्याचा पाऊस झाला. चार नंबरवर वर्तुळ नव्हतं, म्हणून नव्या ड्रायव्हरनं संध्याकाळी गाडी तिथंच लावली होती. सकाळी सव्वासहाला फोन आला. चार गल्ल्या पलीकडे एका निवृत्त शिक्षकांच्या छातीत दुखत होतं. बाकीच्या गाड्या बाहेर होत्या किंवा दुरुस्तीला गेल्या होत्या. शेडमध्ये हीच एक. नव्या ड्रायव्हरनं किल्ली फिरवली तर नुसती टकटक. छपरातून आलेलं पाणी बॉनेटच्या जाळीतून आत उतरून फ्यूजच्या डब्यात साचलं होतं. दुसरी गाडी लांबून यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर सर गेले होते.

मी सातला आले तेव्हा गाडी ढकलून अंगणात नेलेली होती आणि मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. शेडमध्ये कुणी नव्हतं. चार नंबरवर काका गुडघ्यांवर बसून फरशीवरचं पाणी पुसत होते. फडकं बादलीत पिळताना त्यांनी वर पाहिलं आणि आमची नजरानजर झाली. मी स्टोअरचं कुलूप उघडून आत गेले आणि दार लोटून घेतलं.

चौकशी झाली ती कागदावर. मिस्त्रीनं लिहिलं, फ्यूजच्या डब्यात पाणी, कारण कळत नाही, गाडी धुताना गेलं असावं. ड्रायव्हरनं कामावर आल्याआल्या इंजिन चालू करून बघायचं असतं. ती सहाला आली आणि आधी ऑक्सिजनचं सिलिंडर तपासत बसली. तिचा गुन्हा एवढाच. तिला कामावरून कमी केलं. तिच्या जागी जुना कुणी असता तर त्यानं चार शब्द सुनावले असते. ती मान खाली घालून निघून गेली.

संध्याकाळी मीच काकांना गाठलं. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. म्हटलं, गप्प बसा, गेलेला माणूस परत येणार आहे का, पोरगी तरुण आहे, तिला कुठंही काम मिळेल. असं बोलणं बोलताना फार शहाणपणाचं वाटतं. काकांनी ऐकून घेतलं आणि सायकल हातात धरून चालत घरी गेले.

पुढचा महिनाभर ते रोज पत्र्यावर होते, आकाश कोरडं असतानाही. नळी लावून एकेका सांध्यावर पाणी सोडायचे, खाली उतरून बघायचे, परत वर चढायचे. डबा त्यांनी खाल्ला की नाही हे बघायलाही मी जात नव्हते, एवढी मी त्यांना टाळत होते. शेवटी भोक सापडलं. त्यांनी बुजवलं होतं त्याच्या दोन हात वर, दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथं; वाऱ्यानं पाऊस आडवा आला की तिथून पाणी आत शिरायचं. त्यांनी बुजवलं होतं ते दुसरंच होतं. त्या दिवशी ते स्टोअरच्या खिडकीशी आले, पण वायसर मागितले नाहीत. तसेच उभे राहिले.

तेवढ्यात नवी ड्रायव्हर आली. तिला गणवेश आणि किल्ल्या परत करायच्या होत्या. गणवेश धुऊन, इस्त्री करून आणला होता. मी पावती लिहीत असताना ती काकांकडे वळली.

"काका, एक विचारू? गाडी मी चुकीच्या जागी लावली होती का? रोज आठवून बघते, पण तिथं खडू दिसल्याचं आठवत नाही."

काकांचा हात खिडकीच्या कठड्यावर होता. तो त्यांनी खाली घेतला.

"जागा बरोबर होती, पोरी. वर्तुळ मी पुसलं होतं. तीन पाऊस झाले नव्हते."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.  किल्ल्या तिनं पुन्हा मुठीत घेतल्या आणि भिंतीशी टेकून उभी राहिली. काका तिथून सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकांना बसवलं, पाणी दिलं. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे म्हणाले. ड्रायव्हर तर हंगामी होती, तुम्ही कशाला शेवटच्या दिवसांत स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता. काका एकच वाक्य बोलत राहिले, लिहून घ्या. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, मग द्या लिहून.

काकांना सही यायची आणि तारीख घालता यायची. बाकी लिहिणं म्हणजे नावालाच. ते कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. वर्तुळ मी पुसलं. भोक चुकीचं बुजवलं. त्या सकाळी फरशीवर पाणी होतं, ते मी पुसून टाकलं. ड्रायव्हरची चूक नाही.

माझं पेन थांबलं. म्हटलं, काका, पुसताना कुणी पाहिलं का असं विचारतील.

"लिहा, कुणी पाहिलं नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. आणि मी ते लिहिलं, माझ्या अक्षरात, नीट ओळ सोडून. त्यांनी खाली सही केली. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. ते आता लपवून मला काही मिळवायचं नाही.

नव्या ड्रायव्हरला परत घेतलं. काकांना आठवडा संपायच्या आत घरी बसवलं. एकतीस वर्षं राबलेल्या माणसाला निरोप द्यायला कुणी दोन शब्द बोललं नाही. साहेब त्या दिवशी बाहेरगावी होते. नव्या ड्रायव्हरनं काकांचा डबा आणि छत्री सायकलला अडकवून दिली. फाटकापर्यंत सायकलही तिनंच धरली.

पुढच्या रविवारी काका माझ्या दारात उभे. त्यांना सरांच्या घरी जायचं होतं. कागद साहेबांकडे गेला, त्या घरी कुणी गेलं नाही, असं म्हणाले. ऑफिसातल्या फोनच्या रजिस्टरमधला पत्ता मी टिपून ठेवला होता. एकट्यानं पाय उचलत नाही म्हणाले, तेव्हा मी चपला घातल्या. मी ठरवलं होतं की तिथं आपणही सांगायचं. विश्वास ठेवा असं मी म्हटलं, फडकं मी पाहिलं, गप्प राहा असंही मीच सांगितलं. वाटेत मी ते मनातल्या मनात दहा वेळा म्हणून पाहिलं.

सरांच्या बायकोनं दार उघडलं. सत्तरीच्या असतील, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मी त्यांना सांगत होते, गाडी निघालीय, कोपऱ्यावर आलीय," त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटं सांगत होते. त्यांना ते खरं वाटत होतं." मग चौकट धरून म्हणाल्या, "तुम्ही सांगायला आलात, बरं केलंत. पण आत या असं मला म्हणता येणार नाही."

"नका म्हणू, ताई," काका म्हणाले.

मग सरांच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आणि या कोण, असं विचारलं. माझं तोंड उघडलं होतं, पण काका आधी बोलले.

"या आमच्या ऑफिसातल्या. मला घर माहीत नव्हतं, म्हणून सोबत आल्या."

त्या माझ्याकडे बघत थांबल्या. काकाही थांबले. त्यांनी वाट मोकळी ठेवली होती, हवं असेल तर बोला म्हणून.

मी म्हणाले, "हो, सोबत आले."