डावा गार्ड

चीकटोवागा गावात ईस्टरआधीचे लेंटचे उपास सुरू झाले की शुक्रवारी संध्याकाळी दोन गोष्टी हमखास व्हायच्या. उपासाला मांस चालत नाही, मासा चालतो, म्हणून चर्चच्या तळघरातल्या हॉलमधून तळलेल्या माशाचा वास पार बसथांब्यापर्यंत जायचा, आणि नॉर्बर्ट डुडेक टीमची मोडतोड करायला बसायचा.

टीम त्याच्या बापाची नव्हती. मालक कोट्यधीश, मॅनेजर त्याहून शहाणा, आणि दोघांनाही नॉर्बर्ट डुडेक नावाचा माणूस या भूतलावर आहे याचा पत्ता नव्हता. पण अमेरिकन फुटबॉलचा हंगाम जानेवारीत संपला की पुढच्या हंगामाला कुणाला ठेवायचं, कुणाला घालवायचं, बाहेरून कुणाला आणायचं, हे ठरवल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसे. लीगनं प्रत्येक टीमच्या एकूण पगाराला मर्यादा घालून दिलेली. सगळे गडी तेवढ्यातच बसवायचे. एकाला वाढवून दिलं की दुसऱ्याच्या ताटातलं जातं. हे त्रांगडं सोडवण्यात नॉर्बर्टचा फेब्रुवारी सरे. पिठाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, लग्न न केलेला, कुत्रं नाही, मांजर नाही. एकेकाला नाद असतो.

योजना तो कागदावर मांडायचा नाही, टेबलावर मांडायचा. टार्टर सॉसच्या पाच कागदी वाट्या ओळीत ठेवल्या की ती पुढची फळी. या पाचजणांच्या हातात बॉल कधी येत नाही. मागे उभ्या असलेल्या, बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला कुणी आडवं करू नये म्हणून समोरून येणारे धिप्पाड गडी छातीवर घ्यायचे, एवढंच त्यांचं काम. क्वार्टरबॅक म्हणजे मिठाची बाटली. बाकीचे लिंबाच्या फोडी, पावाचे तुकडे, कोबीच्या कोशिंबिरीचे वाडगे. वाढायला उभी असलेली लॉटी पासेक म्हणायची, "नॉर्बर्ट, तुझा बचाव खाऊन टाक आधी, पाव वातड होतोय."

आणि समोरच्या खुर्चीवर, ही पुरी पंचवीस वर्षं, चेट सोबचाक.

चेट हा नॉर्बर्टचा श्वागर, म्हणजे मेहुणा. बहिणीचा, आयरीनचा नवरा. शेजारच्याच घरात राहणारा. रेल्वेच्या यार्डात डबे जोडण्या-तोडण्याचं काम करणारा, आवाजानं दांडगा, आणि नॉर्बर्टच्या प्रत्येक योजनेत खोट काढण्यासाठीच जन्माला आलेला. नॉर्बर्टनं वाटी ठेवायची, चेटनं सरकवायची. "हा कोण आणलास?" "टेक्सासचा पोरगा आहे, वेगवान." "वेगवान तर माझी सासूपण होती." सगळं टेबल हसायचं, नॉर्बर्टसकट, सासू म्हणजे त्याचीच आई असूनही. दोघं भांडत भांडत मासा थंड करायचे आणि मग थंड मासा दिला म्हणून लॉटीशी भांडायचे.

आयरीन गेल्यावर तर दोघांचं स्वयंपाकघर एकच झालं. सोमवारी चेटकडे सूप, मंगळवारी नॉर्बर्टकडे सारण भरलेल्या पिरोगी, त्याही बाजारातल्या, कारण दोघांपैकी एकालाही कणीक मळता येत नव्हती. बर्फ पडला की जो आधी उठेल तो दोन्ही दारांपुढचा काढायचा. गल्लीत लोक म्हणायचे, आयरीन दोघांचं लग्न लावून गेली.

ते लग्न गेल्या लेंटमध्ये मोडलं. तेही पुढच्या फळीतल्या एका डाव्या गार्डावरून.

टायरस मॅब्री हे त्या गार्डाचं नाव. वय तेहतीस, म्हणजे त्या धंद्यात आजोबाच. हंगामाच्या मध्यावर पाठ धरली आणि उरलेला अर्धा हंगाम तो बाकावर कोट पांघरून बसला होता. त्या शुक्रवारी नॉर्बर्टनं चार वाट्या ठेवल्या, पाचवी उचलून उष्ट्यांच्या ताटात टाकली आणि म्हणाला, "मॅब्रीला कापायचा. पाठ गेलेला माणूस नुसता पगार खात बसतो."

टेबल हसलं. चेट हसला नाही. "त्यानं नऊ वर्षं दिलीत टीमला," तो म्हणाला.

"मग केक कापू त्याच्यासाठी," नॉर्बर्ट म्हणाला. "आधी त्याला कापू, मग केक."

टेबल पुन्हा हसलं. चेटनं हातातला काटा खाली ठेवला, कोट घेतला आणि अर्धा मासा ताटात टाकून निघून गेला. नॉर्बर्ट मागून ओरडला, "अरे श्वागर, बटाटे तरी खाऊन जा." चेट वळला नाही. सोमवारी सूप नाही. मंगळवारी फोन उचलला नाही. नॉर्बर्ट दार वाजवायला गेला तर आतून टीव्हीचा आवाज तेवढा मोठा झाला.

नॉर्बर्टही काही कमी आडमुठा नव्हता. एका गार्डावरून पंचवीस वर्षांचा संसार मोडणाऱ्याच्या पायऱ्या किती झिजवायच्या? फुगू दे, म्हणाला. चेट फुगला आणि फुगलेलाच राहिला. वर्ष उलटलं.

ते वर्ष कसं गेलं, हे गल्लीनं खिडक्यांतून पाहिलं. बर्फ पडला की दोघंही फावडी घेऊन बाहेर येत. आपापल्या हद्दीपर्यंतच काढत. दोन्ही घरांच्या मध्ये बर्फाचा एक बांध उभा राहिला. तो डिसेंबरात कमरेएवढा झाला आणि मार्च आला तरी वितळायला तयार नव्हता. नॉर्बर्ट दुकानातून पूर्वीसारखाच मोठा पाव आणायचा आणि अर्धा बुरशीला द्यायचा.

सामन्यांचं तर विचारूच नका. चेटच्या छपरावर जुना अँटेना आणि नॉर्बर्टकडे केबल. अँटेनावर चित्र आधी येतं, केबलवर मागाहून. त्यामुळे झालं असं, की नॉर्बर्टच्या टीव्हीवर क्वार्टरबॅक अजून बॉल हातात घेऊन उभा असे आणि शेजारून भिंतीपलीकडून चेटची आरोळी ऐकू येई. किंवा शिवी. पुढं काय होणार ते नॉर्बर्टला आधीच कळायचं. अख्खा हंगाम त्यानं असा शेजारच्या घशातून ऐकला. टीव्हीचा आवाज वाढवून पाहावा तर चेटचा आवाज बुडायचा, आणि ते काही नॉर्बर्टला नको होतं. म्हणून तो टीव्ही हळूच लावायचा. एकदा हिवाळ्यातल्या मोठ्या सामन्यात पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा तो सामना सोडून खिडकीशी गेला. चेट आपला अंगणात उभा राहून अँटेनाकडे बघत होता. अँटेना वाऱ्यानं वाकला होता. शिडी चढायची चेटची हिंमत होत नव्हती. नॉर्बर्टनं बूट घातले, दारापर्यंत गेला, दार उघडलंही. तेवढ्यात चेट आत निघून गेला. त्या दिवशी टीम जिंकली आणि नॉर्बर्टला ते सगळ्यांबरोबरच, म्हणजे टीव्हीवरच कळलं.

यंदा लेंट लागला. पहिल्या शुक्रवारी नॉर्बर्ट नेहमीच्या टेबलाशी बसला. जुन्या टोळीतले दोघे फ्लोरिडाला गेलेले, एक त्याहून लांब. समोरची खुर्ची रिकामी. त्यानं पाच वाट्या मांडल्या आणि त्याला जाणवलं, की या सरकवायला कुणी नाही. आपणच मांडायच्या, आपणच मान डोलवायची. एका शेजाऱ्याला त्यानं फळी समजावून सांगायला घेतली, तर तो म्हणाला, "हो का? छान, छान," आणि नातवाचे फोटो दाखवू लागला. छान म्हणणाऱ्याचं काय करायचं असतं?

चेट यायचा, पण मागच्या दारानं. घरी नेणाऱ्यांची रांग तिकडे असते. डबा घ्यायचा की चालता व्हायचा.

लॉटीला राहवलं नाही. तिला तसंही कधी राहवत नाही. कोशिंबिरीचा डाव हातात घेऊन ती समोरच्या रिकाम्या खुर्चीवर टेकली.

"अजून मॅब्रीवरच अडलंय का रे तुमचं?"

"माझं नाही, त्याचं अडलंय," नॉर्बर्ट म्हणाला. "एवढा जीव होता मॅब्रीवर, तर दत्तक घ्यायचा होता."

"तू काय बोललास आठवतं? पाठ गेलेला माणूस नुसता पगार खात बसतो."

"मग? खरंच आहे ते."

"चेटला यार्डानं घरी कधी बसवला?"

नॉर्बर्ट वाट्या सारख्या करू लागला.

"त्याच आठवड्यात," लॉटी म्हणाली. "पाठीमुळे. आणि यार्डातून त्याला घरी कुणी आणला? तूच ना गाडीतून? मागच्या सीटवर आडवा घालून?"

तोच. नॉर्बर्टला सगळं आठवलं. चेट मागे आडवा पडलेला, छताकडे बघत. आणि पुढे स्टिअरिंगवर हा, सबंध रस्ताभर, डाव्या गार्डाच्या पगारावर बोलत होता. त्याला वाटलं होतं, तेवढंच चेटचं मन रमेल.

"मला वाटलं तुला कळलं असेल," लॉटी म्हणाली. "अख्ख्या हॉलला कळलं होतं. आम्ही हसलो ते तू मुद्दाम चेटची थट्टा करतोयस असं वाटून, आणि मग लाज वाटली."

"मी मॅब्रीबद्दल बोलत होतो," नॉर्बर्ट म्हणाला.

"माहितीय," लॉटी म्हणाली. "तू नेहमी त्या गड्यांबद्दलच बोलतोस."

त्या रात्री नॉर्बर्टनं योजना मुळापासून बदलली. दारात जाऊन 'चुकलो' म्हणणं हा एक मार्ग होता, पण चीकटोवागातल्या त्या वयाच्या पुरुषांना तो ठाऊक नसतो. त्यांना वाट्या ठाऊक. मॅब्रीचा करार संपत आला होता. त्याला ठेवायचा असं नॉर्बर्टनं ठरवलं. नुसता ठेवायचा नाही, तीन वर्षं ठेवायचा, मानानं. त्यासाठी पगारात जागा करायला त्यानं एक तरणाबांड धावपटू विकला, दोन चांगले बचावपटू सोडले. असली योजना कुणा शाळकरी पोरानं मांडली असती तर नॉर्बर्टनं त्याला हॉलमधून हाकललं असतं. पण आता त्याला टीम जिंकवायची नव्हती. त्याला चेट खुर्चीवर हवा होता.

दोन शुक्रवार चेट आलाच नाही. ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी आला. मागच्या दाराच्या रांगेत, हात खिशात, थोडा वाकून उभा. नॉर्बर्टनं त्याला पाहिलं आणि खुर्ची ओढून रांगेच्या अगदी जवळच्या टेबलाशी जाऊन बसला. तिथल्या बायका सरकल्या. त्यानं वाट्या मांडल्या आणि घसा साफ केला.

"डावा गार्ड," तो कुणाकडेही न बघता मोठ्यानं म्हणाला, "टायरस मॅब्री. तीन वर्षं. पूर्ण पगार."

रांगेतल्या माना वळल्या. तळणाच्या कढईपाशी उभे असलेलेसुद्धा वळले. चेटचा डबा आला. तो त्यानं घेतला, काखेत धरला आणि सावकाश टेबलापाशी आला.

"किती म्हणालास?"

"तीन."

"डोकं फिरलंय का तुझं?" चेट म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा तो बोलत होता, आणि आवाज तोच होता, भिंतीपलीकडचा. "तो छत्तिसाव्या वर्षापर्यंत खेळणार? दया आली होय रे?"

"दया नाही. अनुभव लागतो फळीला."

"अनुभव." चेटनं एक हात टेबलावर टेकला. "सकाळी मोजे घालताना तो भिंतीला टेकत असणार, माझ्याकडून लिहून घे. एक पाय वर घेतला की कळ पार मानेपर्यंत जाते. ज्याला मोजे घालता येत नाहीत, त्याला तू दीडशे किलोच्या गड्यापुढे उभा करणार? मारायचाय त्याला?"

नॉर्बर्टनं मान खाली घातली. "मग कापू?" त्यानं विचारलं.

चेटनं वाट्या एकेक करून मोजल्या. लॉटीनं पुढच्या माणसाला वाढणं थांबवलं होतं आणि तो माणूसही तक्रार करत नव्हता.

"कापायचं कोण म्हणालं?" चेट म्हणाला. "एक वर्ष दे. बाकावर ठेव. पोरांना पाय कसा रोवायचा ते दाखवेल. तेवढं येतं त्याला." आणि त्यानं बोटानं मॅब्रीची वाटी ओळीतून बाहेर काढली, मिठाच्या बाटलीपासून लांब, टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली. "तो धावपटू परत आण. मूर्खासारखा विकलास."

"चेट," नॉर्बर्ट म्हणाला, "मागच्या वर्षी गाडीत मी..."

"मासा थंड होतोय माझा," चेट म्हणाला आणि मागच्या दारानं निघून गेला. बाहेर त्याची जुनी गाडी सुरू व्हायला वेळ लागला. नॉर्बर्ट ती सुरू होईपर्यंत ऐकत होता, मग वळणावर जाईपर्यंत, मग नुसताच.

हॉल रिकामा झाला. बायका टेबलं पुसू लागल्या. हे एक टेबल त्यांनी शेवटी ठेवलं.

"काय ठरलं?" लॉटीनं विचारलं.

"एक वर्ष म्हणाला."

"कमी वाटतंय का तुला?"

"नाही. बरोबर आहे तो." नॉर्बर्टनं वाट्यांकडे पाहिलं. ओळीत आता चारच होत्या. "पण मग डावा गार्ड कोण, ते राहिलं."

"मग जा की, विचार त्याला. तुझ्या दारापासून दोन पावलांवर तर त्याचं घर."

नॉर्बर्टनं उठून कोट घातला, बटणं लावली, वरची लावताना चुकला, पुन्हा लावली.

"टीमा कॉलेजातून नवे गडी निवडतात ते एप्रिलअखेर," तो म्हणाला. "अजून वेळ आहे." आणि खुर्च्या एकावर एक रचायला लागला.