मेंढरं बसवल्याचं उत्पन्न

हनुमंत कोळपे शिरूरच्या एसटी डेपोत कारकून होता. वय छत्तीस. या वयात माणूस पोरांच्या दहावीचं बघतो. हा पठ्ठ्या पहाटे पाचच्या गाडीनं पुण्याला वकिली शिकायला जायचा. सकाळी कॉलेज, दुपारपासून डेपो. चार वर्षं अशी काढून अंगाचं नुसतं भरीत झालं होतं. गाडीत पुस्तक उघडलं की शिक्रापूर यायच्या आत मान पडायची.

बाकी सगळे पेपर सुटले, पण टॅक्सेशन मानगुटीवर बसलं ते बसलंच. दोनदा नापास. आता ही शेवटची संधी, कारण जुना अभ्यासक्रम बंद होणार होता. हुकली तर सगळं पहिल्यापासून, आणि तेवढी धुगधुगी त्याच्यात उरली नव्हती.

तुम्ही म्हणाल, आकडेमोड जड गेली असेल. छे! कारकून माणूस तो. घोडं पेंड खात होतं भलतीकडंच. पहिल्या वेळी पेपरात प्रश्न आला: एक मेंढपाळ खतासाठी शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतो, त्याला मिळणारं उत्पन्न शेतीचं धरून करमाफ होईल का?

हनुमंत वाचून हरखलाच. त्याचे वडील, ज्योतिबा आबा, जन्मभर दुसरं काय करत आले होते? सुगी सरली की कळप घेऊन गावोगाव. रात्रभर मेंढरं रानात बसायची, लेंड्यांनी जमीन कसदार व्हायची आणि शेतकरी त्याबद्दल ज्वारी मापून द्यायचा. हनुमंतानं चार पानं भरून लिहिलं, होय, ही शेतीच. त्या नादात दोन प्रश्न राहिले.

निकालानंतर कॉलेजातले सर म्हणाले, "अहो कोळपे, जमीन कसतो त्याची शेती. मेंढरं पाळणं हा निराळा धंदा. कायदा तसंच म्हणतो."

गावी जाऊन त्यानं हे सांगितलं, तर आबा बाजेवरून ताडकन उठले. "कोन म्हनतंय? आमी मेंढरं बसवली नसती तर त्या रानात कुसळं तरी उगवली आसती का? शेतीच हाय ती! तू तसंच लिव. हटू नगंस."

दुसऱ्या वेळी तसलाच प्रश्न आला. खरं उत्तर पाठ होतं, पण हात रेटेना. पुन्हा वाद घातला. अडतीस मार्क पडले, चाळीस लागत होते.

तिसऱ्या वेळी पेपर हातात आला तर पुन्हा तेच भूत! नुसते शब्द इकडचे तिकडे केलेले. हनुमंतानं थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग लिहिलं, नाही. मेंढपाळाचा त्या जमिनीशी संबंध नाही, म्हणून ते शेतीचं उत्पन्न नाही. सात ओळींत संपवलं आणि पुढचा प्रश्न घेतला. बापाच्या जन्मावर काट मारल्याचं त्याला कळत होतं. पण भांडायची ताकदच उरली नव्हती, त्याला नुसती झोप येत होती.

त्रेचाळीस पडले. सुटला.

पेढ्यांचा पुडा घेऊन तो गावी गेला. काही सांगायच्या आत आबांनी पुडा हिसकावला आणि त्याच्या दंडाला धरून थेट मारुतीच्या पारावर नेलं. तिथं पोपटराव बसले होते, गावचे बागायतदार. आबांनी त्यांच्या रानात वीस वर्षं मेंढरं बसवली होती.

"काय पोपटराव! तुमच्या रानात आमी क्येलं त्ये शेतीच का न्हाई? माज्या पोरानं लिवून दिलं. दोनदा पाडलं त्याला, पर गडी हटला न्हाई. श्येवटी सरकारला पास करावंच लागलं!"

"व्हय बाबा, शेतीच ती," पोपटराव हसून म्हणाले आणि त्यांनी पेढा उचलला.

इतकं ताठ बसलेलं आबांना हनुमंतानं कधी बघितलं नव्हतं, आणि तेही पोपटरावांच्या शेजारी, पारावर. त्याला वाटलं, आज ना उद्या कळायचंच, आत्ताच सांगून टाकावं.

"आबा, त्या पेपरात मी..."

"आरं, खा आदी," म्हणत आबांनी पेढा त्याच्या तोंडात कोंबला. हनुमंतानं तो खाल्ला.