ही माझी हर्षाली नाय

फोटो साहेबाने एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताने चहा पीत राहिला. मी टेबलासमोर उभी. नवरा माझ्या मागे, भिंतीला टेकून, चपला हातात घेऊन. चपला काढायला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेच पोलीस ठाण्याच्या दारात काढल्या होत्या.

फोटो शाळेच्या गॅदरिंगचा होता. हर्षालीने मैत्रिणीची लिपस्टिक लावली होती. केसांत अबोलीचा गजरा. मोबाईलमधल्या फोटोंत तिचं तोंड नीट दिसत नव्हतं, म्हणून मी हाच आणला.

साहेब म्हणाला, "चांगली नटलेली आहे. अशी मुलगी हरवत नाही बाई. जाते."

शेजारच्या टेबलावरचा हसला. फोटो त्याच्याकडे गेला. त्याच्याकडून आणखी एकाकडे. माझ्या मुलीचा चेहरा त्या खोलीत या हातातून त्या हातात फिरला आणि मी नुसती बघत राहिले.

"आडनाव काय?"

सांगितलं. आडनाव ऐकलं आणि साहेबाने पेन खाली ठेवलं.

"तुमच्यात तर मुली अशाच जातात की राहायला. लग्न मागाहून. येईल चार दिवसांनी जावई घेऊन. तेव्हा पेढे आणा."

आता सगळेच हसले.

मी बोलले नाही. का नाही बोलले, ते सांगते. आम्ही वारली. माझं लगीन लागलं तेव्हा हर्षाली चालायला लागलेली होती. धवलेरीने, म्हणजे आमच्यात लग्न लावणाऱ्या बाईने, लग्नाची गाणी म्हटली, तेव्हा ती माझ्या मांडीवर बसून अक्षतांचे तांदूळ तोंडात घालत होती. आमच्यात आधी दोघं संसार मांडतात. जमेल तेव्हा लगीन लावतात. तोवर गाव त्यांना नवरा-बायकोच म्हणतं. कोणी नाव ठेवत नाही. त्यात लपवण्यासारखं काही असेल असं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. त्या टेबलासमोर पहिल्यांदा वाटलं. माझा संसार, माझं लगीन, माझी लेक. एका वाक्यात त्याने सगळ्याची घाण करून टाकली. मी मान खाली घातली. जमिनीकडे बघत राहिले.

"घरात भांडण झालं होतं?"

"नाय साहेब. हसत गेली."

"आईशी वाद?"

"नाय."

तो शिपायाकडे वळला. "लिही रे. किरकोळ वादातून घर सोडून निघून गेली."

नवऱ्याने सही केली.

हर्षाली सोळा वर्षांची होती. अकरावीला. रोज उमरोळीहून गाडीने पालघरला कॉलेजला जायची. तिला सुक्या बोंबलाची चटणी फार आवडायची, पण डब्यात कधी न्यायची नाही. वर्गातल्या मुली नाक धरतात म्हणायची. त्या दिवशी बटाट्याची भाजी नेली. दारातून म्हणाली, "आई, यायला उशीर होईल. प्रॅक्टिकल हाय." पिवळा कुडता घातला होता. एवढंच. एवढंच माझ्याकडे आहे.

गावातल्या एका मुलीने तिला पालघर स्टेशनच्या पुलावरून उतरताना पाहिलं. कॉलेजात मात्र ती पोचली नाही. मधला रस्ता तो केवढासा. रिक्षा उभ्या, वडापावच्या गाड्या, भाजीवाल्या. भर दिवसा, माणसांनी भरलेल्या रस्त्यावर माझी मुलगी नाहीशी झाली. फोन बंद. तो पुन्हा कधी लागला नाही.

आम्ही शोधलं. पोलिसांनी नाही, आम्ही. नवरा गवंड्याच्या हाताखाली काम करतो. तो काम सोडून रिक्षावाल्यांना फोटो दाखवत फिरला. मी बोईसरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला जायचे. तिथून सुटले की सालवडच्या चाळींतून खोली खोली विचारायचे. "इधर नहीं देखा, भाभी," बाया म्हणायच्या. एखादी पाणी द्यायची. एखादी दार लावून घ्यायची. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "रोज रोज छुट्टी नहीं चलेगी." मग माझ्या जागी दुसरी आली.

गावात लोक आधी रडायला आले. मग विचारायला आले. मग यायचे थांबले. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं बंद पडायचं. माझ्या जावेने एकदा तोंडावर विचारलं, "कॉलेजात कशाला घातली?" मी घागर उचलली आणि घरी आले.

आमच्या गावात रेशनच्या कामासाठी आदिवासींच्या संघटनेची एक बाई यायची. वनिताताई. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलगी अठराच्या आतली ना? मग अपहरणाचा गुन्हा नोंदवायला पाहिजे होता. पहिल्याच दिवशी. कायदा हाय तसा. तुमी मागितला नाय?"

मी कुठून मागणार? असं काही मागता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

मी ठाण्यात गेले, मागितलं. साहेब म्हणाला, "आता तू मला कायदा शिकवणार?" आणि परत पाठवलं. मग संघटनेच्या बायका बरोबर आल्या, दारातच बसल्या, तेव्हा गुन्हा नोंदवला गेला. पण तोवर सगळा पावसाळा निघून गेला होता. स्टेशनच्या पुलावर कॅमेरा आहे. त्यात ती दिसली असती. तिच्या मागे कोण होतं, पुढे कोण होतं, ते दिसलं असतं. ते चित्रण पुसलं गेलं होतं. "इतके दिवस कोण ठेवतं?" साहेब म्हणाला.

त्या दिवशी मी घरी येऊन चूल पेटवली नाही. भूक कोणालाच नव्हती.

नंतर उन्हाळ्यात एकदा सकाळी फोन आला. साहेबाचा.

"सापडली. सरकारी दवाखान्यात या."

एवढंच बोलला. सापडली.

मी तिचा धुतलेला ड्रेस पिशवीत घातला. फणी घेतली. तेलाची बाटली घेतली. डब्यात चटणी-भाकरी भरली. नवरा रिक्षात रडत होता आणि हसत होता. म्हणाला, "तिला काय विचारू नको हां. कुठं होती, काय होती. काय विचारू नको." मी म्हटलं, नाय विचारत.

दवाखान्यात मी विचारलं, बायकांचा वॉर्ड कुठं? तिथला शिपाई आमच्याकडे बघत राहिला. मग त्याने इमारतीच्या मागच्या बाजूला बोट केलं.

मागच्या बाजूला एकच खोली होती. बाहेर साहेब उभा होता. तोंडाला रुमाल बांधून.

मला तिथे कळलं.

मनोरजवळ नदीकाठी ती मिळाली होती. पाण्यात बरेच दिवस राहिलेली. चेहरा नव्हताच म्हणायचा. अंगावर पिवळा कुडता. नवऱ्याने तो कुडता पाहिला आणि खाली बसला. त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मीही रडले. मी तिच्या पायाशी गेले. आमच्यात मोठ्यांच्या पाया पडतात, पोरीच्या कोण पडतं? पण मला तिच्या पायाला हात लावायचा होता. मी चादर सरकवली.

हर्षालीच्या डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली होती. अंगठ्याशेजारची. लहानपणी मी तिला तेल लावायचे तेव्हा त्या बोटांवरून अंगठा फिरवायचे, ती खिदळायची. मोठी झाल्यावर लाजायची. उघड्या चपला घालायची नाही, बूट घालायची.

या पायाची सगळी बोटं सुटी होती.

मी दुसरा पाय पाहिला. मग पुन्हा पहिला. मी उभी राहिले.

"ही माझी हर्षाली नाय, साहेब."

तो म्हणाला, "पाण्यात राहून शरीराचं काय होतं तुला ठाऊक आहे का? कपडे तेच आहेत ना?"

"कपडे तसे हायत. पाय तिचे नायत."

"हे बघ बाई. होय म्हण. ताब्यात घे, नेऊन अग्नी दे. तुझंही मन मोकळं होईल. कुठवर फिरणार आहेस? सुटशील."

सुटशील म्हणाला.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खालीच बसला होता. हळूच म्हणाला, "हाय बोल ना. बोल ना तू. घेऊन जाऊ हिला." त्याला ठाऊक होतं. बोटं त्यानेही पाहिली होती. बापच तो. पण त्याच्याने आता होत नव्हतं. त्याला कोणीतरी हवं होतं, उचलून न्यायला, गावच्या वाटेवर खांदा द्यायला. मला त्याचा राग आला नाही. मला सुद्धा वाटलं. खोटं कशाला बोलू. एक क्षण वाटलं, घेऊन जावं. रडून घ्यावं. संपवावं. गाव येईल, जाऊ येईल, सगळे बोलायला लागतील पुन्हा.

मग वाटलं, हिला मी नेली तर हिची आई हिला शोधतच राहील. आणि माझीला कोणीच शोधणार नाही.

"नाय," मी म्हटलं. "ही माझी नाय. रक्त तपासा. माझं घ्या, ह्यांचं घ्या."

साहेबाने रुमाल खाली केला. "मुलगी सांभाळता आली नाही. आता मेलेली पण ओळखता येत नाही. मग ही कोणाची?"

"ते तुमी शोधा."

आवाज माझाच होता. मला तो नवीन वाटला. मान खाली गेली नाही. गेली असती तर मी तिथेच संपले असते.

पिशवीतला ड्रेस तसाच होता. नवरा घरी जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुढे कित्येक दिवस बोलला नाही. एकदा जेवताना म्हणाला, "तू बरोबर बोललीस." आणि उठून बाहेर गेला.

रक्ताचा निकाल यायला फार काळ गेला. निकाल आला, ती आमची नव्हती. ठाण्यात एका शिपायाने उभ्या उभ्या सांगितलं. तो साहेब तोवर बदलून गेला होता. कोणी म्हणालं नाही, बाई, चुकलं.

मी शिपायाला विचारलं, "मग त्या पोरीचं काय केलं?"

"कोणत्या?"

"नदीवरची."

"ती बेवारस. पुरली."

कुठे पुरली ते विचारत मी गेले. ओसाड जागा. खुणेला दगडसुद्धा नाही. तिथल्या माणसाला आठवत नव्हतं. "इथंच कुठंतरी," म्हणाला. मी तिथे बसले. ही पोर कुठल्या तरी घरातून पिवळा कुडता घालून निघाली असेल. तिची आई कुठल्या तरी ठाण्यात टेबलासमोर उभी असेल आणि तिला सांगत असतील, पेढे आणा. मी तिच्यासाठी रडले. हर्षालीसाठी रडता येत नव्हतं. ती मेली असं म्हटल्यासारखं होईल, म्हणून मी स्वतःला रडू देत नव्हते.

आता मी संघटनेच्या कामाला जाते. बायका सांगतात, मी ऐकते, आणि जिथे जायचं तिथे बरोबर जाते. परवा सालवडची एक बाई रडत आली. नवरा कारखान्यात, मुलूख लांबचा, मराठी येत नाही. मुलगी पंधराची. पालघरला क्लासला गेली, परतली नाही.

"दीदी, वो बोलते हैं भाग गई होगी," ती म्हणाली.

मी तिला घेऊन त्याच ठाण्यात गेले. साहेब नवा होता. मला विचारलं, "तू कोण हिची?"

"कोणी नाय. पोरगी पंधराची हाय. अपहरणाचा गुन्हा नोंदवा."

"आधी चौकशी करतो."

"आधी गुन्हा. मग चौकशी. आणि कॅमेऱ्याचं चित्रण आजच मागवा. उद्या नाय."

कोपऱ्यातला जुना शिपाई मला ओळखत होता. साहेबाला म्हणाला, "हिचीच ती, पळून गेलेली."

मी त्याच्याकडे वळले. "माझी पळून गेलेली नाय. तुमी शोधलेली नाय. आणि ऐका, माझं लगीन माझ्या लेकीनंतर लागलं. आमी वारली. आमची तशी रीत हाय. त्यावर हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मग लिहा."

कोणी हसलं नाही. साहेबाने लिहायला घेतलं.

ती पोरगी अजून मिळालेली नाही. माझीही नाही. कोणाला वाटेल, बाईने गुन्हा नोंदवून घेतला, जिंकली. काय जिंकली? लिहून घेतलं, एवढंच.

दर सोमवारी मी ठाण्यात जाते. तिघींबद्दल विचारते. हर्षालीबद्दल. सालवडच्या पोरीबद्दल. आणि नदीवरच्या पोरीबद्दल. शिपाई म्हणतो, तिसरीचं नाव सांग. मी सांगते, ते नाव तुमच्याकडून घ्यायला आलेय. मिळेपर्यंत येणार.