रविवारी बंद असणारा कूलर

आता कसं सांगू तुम्हाला, हसाल. पण चहा ओतलाच आहे तर ऐका, एवढं शिकून मी स्वतःची फजिती कशी करून घेतली ते.

एम.टेक.चा प्रबंध होता. घरातली माणसं कूलर-पंखा कधी लावतात ते नोंदवायचं, संगणकात तसंच घर उभं करायचं आणि त्याला वर्षभरात किती वीज लागेल ते काढायचं. हे चुकलं की पदवी लटकली. मी घर निवडलं कनेरगाव नाक्याच्या कौसाकाकूंचं. त्यांच्या कूलरच्या प्लगला एक छोटं यंत्र लावलं. कूलर कधी चालू, कधी बंद, सगळं त्यात उमटायचं. रोज भर बाराला हिंगोलीहून स्कूटीवर जायचं, काकूंचा चहा प्यायचा, आकडे उतरवून आणायचे.

आकडे इतके नीटनेटके की दृष्ट लागावी! रोज बारा ते साडेबारा कूलर चालू, एरवी बंद. रविवारी तर दिवसभर बंद. विद्वान माणसाला कारण सापडायला काय वेळ लागतो? मी लिहून टाकलं, ‘रविवारी कुटुंब शेतात असते.’ चांगली दोन पानं लिहिली. संगणकातल्या काकूही दर रविवारी शेतात जायला लागल्या.

आमचे गाईड सर भलतेच खूश. “हा रविवार मला बघायचाय,” म्हणाले, आणि खरंच आले. स्कूटीवर मागे बसवून नेलं त्यांना.

बघते तर काकू घरात आणि कूलर सुरू.

“काकू, आज शेतात नाही गेलात?”

“ह्या उन्हात शेतात काय हाय, बाई?”

“मग कूलर कसा चालू? रविवारी बंद असतो ना?”

“पाव्हणे आले न घरी. वळणावर तुही गाडी दिसली की मी बटन दाबते. तू गेली की बंद. रोजचंच हाय ते.”

सरांनी चष्मा वर केला. “आणि रविवारी?”

“रविवारी ही येत न्हाई. त्या दिशी डोकं धुते म्हणे.”

सर खुर्चीत हसून हसून लोळायचे बाकी राहिले. “दोन महिने तू या घराचा नाही, स्वतःचाच अभ्यास केलास.”

धरणीमाय पोटात घे, असं झालं मला. तेवढ्यात काकूंनी कूलर ओढून त्याचं तोंड सरांकडे फिरवलं.

“काकू, मला हवा?”

“तुला काहून? दोन महिने झाले येऊन राहिली. तू आता घरचीच हाय.”

मी घाम पुसला, वही उघडली आणि प्रबंधातली पहिली खरी नोंद केली: घरच्या माणसासाठी कूलर लावत नाहीत.