देव्हाऱ्यातला पावसाळा

नागपूरहून दीक्षा घेऊन परतलो त्याच आठवड्यात आम्ही घरातले देव नदीत सोडले. देव्हारा मात्र सोडला नाही. तो सागवानी होता. वडिलांनी आमच्या दारव्ह्याच्याच सुताराकडून करून घेतलेला, दोन दारांचा, वर जाळीचं पोकळ शिखर आणि शिखरावर कळस. दीक्षेतल्या प्रतिज्ञा देवांबद्दल होत्या, सागवानाबद्दल त्यांत काही नव्हतं. हे मी पुन्हा वाचून खात्री करून घेतलं होतं. पुढे चार वर्षं त्यात माझं दाढीचं सामान, बायकोचा सुईदोरा आणि शाईची दौत राहत होती.

मी तहसील कचेरीत कारकून. आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजणं माझ्याकडे असल्यामुळे मला मोजायची सवय लागली, की सवय होती म्हणून ते काम माझ्याकडे आलं, हे आता सांगता येणार नाही. वस्तीत घरोघर फिरून देव काढायला सांगणाऱ्यांतही मी पुढे होतो. कोणाच्या कोनाड्यात नुसता अंगारा दिसला तरी विचारत असे. लोकांनी हे लक्षात ठेवलं होतं.

चौथ्या वर्षीच्या पावसाळ्यात आई शेळीसाठी गवत कापायला गेली आणि पदराच्या गाठीत कासवाचं पिल्लू बांधून घेऊन आली. रुपयाएवढं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या.

"इळ्याखाली येत होतं," आई म्हणाली. "आता हे आपलं."

पावसाळाभर त्याचं काही अडलं नाही. न्हाणीजवळच्या जुन्या घमेल्यात ते हिंडे, हरळी खाई. कापसाची वेचणी सुरू झाली, हवा कोरडी पडली, सकाळी अंगावर काटा यायला लागला, तसं ते मंदावलं. मग खाणं सुटलं. मग डोळे मिटले ते मिटलेच.

"मरते काय गा?" आईनं विचारलं. ती हे मला दर सकाळी विचारू लागली. कचेरीत निघताना चपला घालतो न घालतो तोच ती घमेलं घेऊन समोर उभी राही. वडील गेले तेव्हासुद्धा तिनं मला इतक्यांदा काही विचारलं नव्हतं.

उपाय असा सापडला. बायकोनं अंघोळीचं पाणी काढलं होतं, न्हाणीत वाफ कोंडली होती, आणि घमेलं चुकून आत राहिलं होतं. दार उघडलं तर पिल्लू चार पायांवर उभं. अर्ध्या तासानं न्हाणी गार झाली आणि ते पुन्हा दगड झालं. मी हिशेब केला. ते जन्मलं पावसाळ्यात, म्हणजे उबेत आणि ओलीत. त्याला पावसाळाच पाहिजे. बाहेर तो संपला असेल तर घरात कुठेतरी चालू ठेवला पाहिजे.

त्यासाठी चारी बाजूंनी बंद, दारांची, जाड लाकडाची पेटी हवी होती. घरात तशी एकच होती.

दाढीचं सामान काढलं. देव्हाऱ्याखाली पूजेच्या वस्तू ठेवायचा खण होता, त्यात दिवा ठेवला. खण आणि देव्हारा यांच्यामधली फळी काढून पत्रा घातला, पत्र्यावर दोन इंच वाळू, वाळूवर ओलं पोतं. पहिल्यांदा रॉकेलची चिमणी लावली, पण तिच्या धुरानं आम्हीच खोकायला लागलो. आई म्हणाली, "गोड्या तेलाचा लाव, धूर नाही करत." तिनं कुठूनशी पणतीही काढली. ही पणती चार वर्षं कुठे होती, ते मी विचारलं नाही.

तापमापकाचं काम आधी घरातल्या तापाच्या थर्मामीटरवर भागवायला गेलो. त्याचा पारा चौऱ्याण्णवच्या खाली दिसतच नाही. म्हणजे त्या यंत्राच्या मते माझी पेटी अस्तित्वातच नव्हती. शेवटी हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांकडून भिंतीवरचा तापमापक मागून आणला. पाहिजे होते ऐंशीच्या वर. आले एकाहत्तर. वात मोठी केली की पारा थोडा चढे, पण पोतं वाळून कडक होई. पोतं भिजवलं की पारा उतरे. एक साधलं की दुसरं हातचं जाई.

"आमी थंडीनं कुडकुडून राह्यलो, अन् त्याले शेकोटी," बायको म्हणाली. "मलेही त्या देव्हाऱ्यात बसवा."

आईनं मात्र काम अंगावर घेतलं. सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की उरलेलं कोमट पाणी पोत्यावर शिंपायचं. कोवळी हरळी निवडून आत ठेवायची. खाल्लं तर खाल्लं, म्हणून जास्वंदीचं फूल, कारण पावसाळ्यात त्याला ते आवडे. सांजेला दिवा. यातली एकेक गोष्ट मी तपासली होती आणि प्रत्येकीला कारण होतं. सगळ्या मिळून रस्त्यावरून कशा दिसतात, ते मी तपासलं नव्हतं.

आमच्या वस्तीत रविवारची बुद्धवंदना घेणारे एक वडीलधारे गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते एका संध्याकाळी आले, बसले, चहा पूर्ण प्याले आणि मग बोलले.

"बाबू, लोकं बोलून राह्यले."

"काय बोलून राह्यले?"

"का तुह्या घरी सांजच्याले देव्हाऱ्यात दिवा लागते. बुढीच्या हातात जास्वंद रायते, दुर्वा रायते. अंघोळीबिगर पानी शिपत नाही म्हनते. ज्यायचे देव तू काढाले लावले, ते आता इचारून राह्यले, का आमचे काहून काढले?"

"हे सगळं खरं हाये," मी म्हणालो, आणि देव्हाऱ्याची दारं उघडली.

मामा वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

"हे तं कासव हाये."

"हो."

"देवळात नंदीपुढं रायते ते?"

"ते दगडाचं. हे जित्तं हाये."

"अवतार म्हनते त्याले."

"म्हनत असन. हे गवतातून आनलं."

"चालते काय?"

"गरम असलं का चालते. आता नाही चालत."

"मंग त्याच्यात अन् देवळातल्यात फरक काय राह्यला?" मामा म्हणाले. मी पुन्हा आत पाहिलं. पिल्लानं डोळे मिटलेलेच होते.

आई दारात उभी होती. "मामा, मले देव नाही पायजे," ती म्हणाली. "सोडले तं सोडले. पन चार वर्सं झाले, सांज झाली का हात रिकामे रायते. आता हाताले काम हाये. तुमाले दिवा इझवाचा असन तं इझवा. पन मंग याले घरी न्या, अन् पोटाशी घेऊन निजा."

मामांनी विचार केला. घाईनं निर्णय देणारा माणूस नव्हता.

"दिव्याले हरकत नाही," ते म्हणाले. "वंदनेले आपन मेणबत्ती लावतोच. फुलाले नाही. कासवाले तं नाहीच, मुका जीव हाये. हरकत हाये ते याले." त्यांनी काठीनं शिखर दाखवलं. "रस्त्यावरून हेच दिसते. हे टोक काढा, म्हंजे पेटी होते. पेटीत कोनी काही ठेवो."

माझी इच्छा नव्हती. वडिलांनी मापं देऊन करून घेतलेलं काम होतं ते. पण वस्तीत मी स्वतः इतक्या जणांना इतकं काही काढायला लावलं होतं की नऊ इंचांच्या टोकासाठी वाद घालणं शोभलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच करवत आणली. शिखर कापून हातात घेतलं तेव्हा ते रात्रभरच्या दिव्यानं अजून गरम लागलं. आत बोट फिरवलं तर लाकडाला दव सुटलेलं होतं.

म्हणजे आमचा सगळा पावसाळा वर जाऊन शिखरात जमत होता आणि जाळीतून घराबाहेर पडत होता. ऊब वर जाते हे मला शाळेपासून माहीत होतं. फक्त ती देव्हाऱ्यातही वर जाते, हे ध्यानात आलं नव्हतं.

उघड्या जागेवर सपाट फळी ठोकली, फटीत चिंध्या भरल्या, तोच दिवा तेवढ्याच वातीवर लावला. झोपायच्या आधी पारा त्र्याऐंशीवर होता आणि पोतं ओलं होतं. दोन्ही आकडे एका वेळी जमल्याचं मला इतकं समाधान झालं की कासव पाहायचं राहिलं. ते सकाळी आईनं पाहिलं.

"डोळे उघडले," ती म्हणाली. जास्वंदीची एक पाकळी कडेनं कातरलेली होती.

रविवारी वंदनेनंतर मामांनी सर्वांसमोर सांगितलं, की बाबूनं शिखर काढलं आणि जीव वाचला. मी उभा राहून ऊब, जाळी आणि दव यांचा खुलासा केला. "मी तेच म्हनून राह्यलो," मामा म्हणाले. पुढच्या महिन्यात वस्तीतल्या आणखी दोन देव्हाऱ्यांची शिखरं निघाली. त्यांत कासव नव्हतं.

उन्हाळा आला तसा प्रश्न उलटा झाला. आता उबेची कमी नव्हती. पिल्लू पेटीतून काढून अंगणात रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवलं, आणि सावलीसाठी आईनं त्यावर जे हाताला लागलं ते पालथं घातलं. मामा पाणी प्यायला आले आणि तांब्या हातात धरून उभेच राहिले. अंगणाच्या मधोमध शिखर, शिखरावर कळस, आणि खालून डोकं काढून कासव त्यांच्याकडे पाहत होतं.

"हे इकडं आलं काय?"

"उन्हाळ्यात ऊब बाहेर गेलेलीच बरी, मामा," आई म्हणाली. "जाळी हाये. हवा खेयते."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबू, बरोबर हाये काय?"

मी तापमापक आणला. अंगणात सावलीला एकशे सहा, शिखराखाली ओल्या वाळूवर ब्याण्णव. आकडे आईच्या बाजूचे होते आणि मी ते वाचून दाखवले.

मामांनी पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला. "मंग कळस तरी काढा," ते म्हणाले.

कळस फिरवून निघत होता, तो काढला. मामा गेल्यावर मी पुन्हा पारा पाहिला. ब्याण्णवच होता. मामांना ते मी सांगितलं नाही.