आमच्या शीतलचा दुसरा साखरपुडा

माझ्या ब्लॉगला तीन वर्षांत एकूण दोन वाचक मिळाले. एक मी आणि दुसराही मीच, मोबाइलवरून.

नागावला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. ब्लॉग त्याच्या जाहिरातीसाठी आहे, असं मी घरात सांगतो. होळी उलटली, परीक्षांमुळे पाहुणे आटले, तेव्हा बायकोनं काम सांगायच्या आत मी वाचक वाढवणारी प्लगइनं शोधायला बसलो. (प्लगइन म्हणजे ब्लॉगला जोडायची आयती करामत. आपण लोळावं, तिनं राबावं!) तीन सापडली. एक जुने लेख आपोआप पुन्हा छापणार, दुसरं ते सगळ्या ग्रुपांवर धाडणार आणि तिसरं वाचकांना गोड उत्तरं देणार. मी तिन्ही जोडली आणि निवांत झोपाळ्यावर बसलो.

पहिल्यानं माझं अकरा भागांतलं समुद्रचिंतन सोडून नेमकं दोन वर्षांपूर्वीचं आमंत्रण उचललं. ‘येत्या रविवारी आमच्या शीतलचा साखरपुडा. तळ्यातले जिताडे काढणार आहोत. सर्वांनी यावे!’ (जिताडा हा आमच्याकडे व्याह्यांसाठी राखायचा मासा.) दुसऱ्यानं ते शीतलच्या सासरी, आगरदांड्यालाही पोचवलं. लेक तिथं दीड वर्ष सुखानं नांदत होती!

विहीणबाईंनी ब्लॉगवर विचारलं, “ही शीतल म्हंजे आमची सून का?”

तिसरं प्लगइन उत्तरलं, “धन्यवाद! आपणही सहकुटुंब नक्की या!”

“मग आमच्या पोराचं काय?”

“छान प्रश्न! सविस्तर माहिती लवकरच.”

संध्याकाळी शीतलचा फोन आला. “बाबा, काय केलंत हे? सासूबाईंनी माझी बॅग भरलीय! रविवारी आणून सोडते म्हणतायत!”

मी आमंत्रण पुसलं, पण दुसऱ्या प्लगइननं ते तोवर सगळ्या ग्रुपांवर धाडलं होतं. मी फोनवर फोन केले, पण विहीणबाई उचलतील तर ना!

रविवारी वाडीत चाळीस नातेवाईक जिताड्याची वाट बघत बसले होते.

“अवो, तळ्यात बेडूकसुदिक न्हाय! काय वाढू यांना?” बायको कडाडली.

तेवढ्यात विहीणबाई गाडीतून उतरल्या. मागे शीतल, तिच्या मागे बॅग घेतलेले जावई. माझ्या चुलतभावानं जावयांचे हात धरले. “तुमीपन आलाव? लय मोठं मन हाय तुमचं!”

विहीणबाईंनी मला गाठलं. “व्याही, आमची सून दुसरीकडं देताय व्हय?”

“चूक माझी नाही, प्लगइनची.”

“कोन हाय तो? आना त्याला म्होरं!”

लेकीच्या डोळ्यांत पाणी बघून माझी अक्कल ठिकाणावर आली. चाळीस माणसांसमोर मी कान धरले, साखरपुड्याचा जुना फोटो उघडला आणि अंगठी घालणारे हेच जावई असल्याचं सिद्ध केलं. विहीणबाईंनी फोटो निरखून पाहिला. मग त्यांना हसू फुटलं. जिताड्याऐवजी सगळ्यांनी बायकोच्या हातचे सुके बोंबील आणि भाकरी खाल्ली.

ब्लॉगचा पासवर्ड आता शीतलकडे असतो. तिनं माझी तिन्ही प्लगइनं काढून एकच नवं घातलंय. मी काहीही लिहिलं की ते आधी विहीणबाईंकडे मंजुरीला जातं. हा लेखही एकदा परत आला होता, कारण त्यात दोघंजण मूर्ख ठरत होते. आता एकच ठरतोय, म्हणून मंजूर झाला.