शुक्रवारी ऐकणाऱ्या बाई

जाधवबाईंच्या दवाखान्यातल्या माझ्या पहिल्याच सकाळी मी एका मुलाची छाती स्टेथोस्कोप कानात न घालता तपासली. नळी गळ्यातच लोंबत होती. तिचं दुसरं टोक मी मुलाच्या छातीवर ठेवलं, वर, खाली, मग पाठीवर, आणि त्याच्या आईला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "छाती एकदम साफ आहे."

एमडी झालेल्या माणसाच्या हातून हे होतं कसं, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी भिवंडीच्या नारपोलीत यायला हवं. आमच्या दवाखान्याची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची पुढची भिंत एकच. लूम चालू असताना नळी कानात असो की गळ्यात, ऐकू येतं ते एकच: खटाखट, खटाखट. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी दिवसभर थरथरत असतं. मला काहीच ऐकू आलं नाही, आणि काही ऐकू आलं नाही म्हणजे छाती साफ, असा माझा सरळ तर्क.

शेजारच्या टेबलावरून बाई उठल्या. त्या आईला "बैठो ज़रा" म्हणाल्या. माझ्या गळ्यातली नळी दोन बोटांनी उचलली आणि लेकराला कानटोपी घालावी तशी माझ्या कानांत घातली.

"आता ऐक. काय येतंय?"

"लूम," मी म्हणालो.

"मग तसं म्हण."

मला ते म्हणायला जमेना, म्हणून बाईच त्या आईला म्हणाल्या, "देखो, इनको कुछ सुनाई नहीं दिया. इस टाइम मुझे भी नहीं आता. बुखार नहीं है, साँस बराबर है, डरने का नहीं. शुक्रवार को लाना, लूम बंद रहेगा, तब सुनेंगे."

आता बाई घरी पाठवतात की नुसतं रागावतात, याची वाट बघत मी दुपारपर्यंत मान खाली घालून काम केलं. जेवताना डब्याचं झाकण काढत त्या एवढंच म्हणाल्या, "ऐकू आलं नाही, तर नाही आलं म्हणायचं. त्याने डिग्री परत घेत नाहीत." आणि थोड्या वेळाने, "ही गोष्ट आपल्या दोघांत राहील." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

बाई मूळच्या जवळच्या शेलार गावच्या. ठेंगण्या, साठी उलटलेल्या, खांद्यावरच्या पदराला पेन अडकवलेल्या. बसल्या की चपला टेबलाखाली जायच्या आणि पाय एका उपड्या क्रेटवर. पायांना सूज असायची, पण त्याबद्दल विचारलेलं आवडायचं नाही. भिंतीवरचं बुद्धाचं चित्र लूमच्या हादऱ्याने रोज थोडं तिरकं व्हायचं. बाई सकाळी आल्या की आधी ते सरळ करायच्या. "एवढ्या कल्लोळात हाच एक शांत बसू शकतो," म्हणायच्या, आणि मग तेच रोजचं, दमलेल्या माणसाचं वाक्य, "चला, पुढचं लेकरू."

भिवंडीत लूमना शुक्रवारी सुट्टी. बाकीचे डॉक्टर रविवारी विश्रांती घ्यायचे, काही शुक्रवारीही. बाईंचा दवाखाना शुक्रवारी हटकून उघडा. ज्या मुलाच्या छातीबद्दल, हृदयाबद्दल जराही शंका, त्याला शुक्रवारचं बोलावणं. त्या दिवशी दवाखान्यात पंख्याचा आवाज यायचा. आपल्याला हळू बोलता येतं, हे बाकावरच्या बायकांना दर आठवड्याला नव्याने कळायचं. बाई मुलाला आईच्या मांडीवरून हलवत नसत. घसा, कान, सुई, रडवणारं सगळं नंतर. आधी नळी तळहातावर घासून गरम करायच्या आणि मूल बिस्किट खात असतानाच ऐकायच्या. मी एकदा घाईत आधी एका पोराचा घसा बघितला. पोराने जो सूर लावला, त्यापुढे लूम परवडले.

बाईंची दुसरी खोड अशी, की "समजलं का?" हा प्रश्न त्यांनी दवाखान्यात बंद केला होता. मी औषध समजावून "समजलं?" म्हटलं की त्या पलीकडून खोकायच्या. "समजलं का विचारलं की माणूस मान हलवतो. त्यात हे लूमवाले. त्या आवाजात दुसरं करणार काय, आयुष्यभर मानच हलवतात." मग आईकडे वळून, "आता तू सांग मला. घरी जाऊन काय करणार?" आणि ती आई जे सांगायची, ते ऐकून मी गार. दिवसातून तीनदा द्यायचं औषध एकदम तीन चमचे होणार होतं, तापाचं औषध खोकल्यावर जाणार होतं. हे सगळं मी नुकतंच, माझ्या मते अतिशय सोप्या भाषेत, समजावलेलं असायचं.

"माझे बाबा लूमवर होते," बाईंनी एकदा सांगितलं. "कान कधी गेले, त्यांनाही कळलं नाही. सगळ्यांना हो म्हणायचे. रिक्षावाल्याने कुठं जायचं विचारलं, हो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने गोळ्या समजावल्या, हो. घरी येऊन सकाळची रात्री, रात्रीची सकाळी. आईला वाटायचं, डॉक्टरला अक्कल नाही." एवढं बोलून त्यांनी पाय क्रेटवरून खाली घेतले. "चला, पुढचं लेकरू."

सेवेचा दर्जा वाढवण्याची हौस मलाही होती. दर्जा कसा वाढवावा यावर ठाण्याच्या हॉटेलांत शिबिरं होतात, तसल्या एकाला मी जाऊन आलो. जेवण उत्तम होतं. परत आलो तो 'हात धुवा' असं चार भाषांत लिहिलेलं, लॅमिनेट केलेलं पोस्टर घेऊनच. बेसिनच्या वर लावलं. बाईंनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"छान आहे. उर्दू तर फारच सुंदर आलंय," त्या म्हणाल्या. "आता नळाला पाणी पण आण. एकाच भाषेत आलं तरी चालेल."

आमच्या नळाचं पाणी सकाळीच जायचं, हे मी विसरलो होतो. मग बाईंनी तोटीचं पिंप आणवलं आणि ते रोज भरायची ड्युटी मला लागली. लूमचा आवाज अडवायला भिंतीला थर्माकोल लावायची कल्पनाही माझीच. आवाज तसूभरही कमी झाला नाही. बाकावरची पोरं मात्र थर्माकोल कुरतडायला लागली, आणि पोटात थर्माकोल गेलेल्या पोराला काय द्यायचं, हे मला पुस्तक उघडून बघावं लागलं. संध्याकाळी बाई स्वतः स्टुलावर चढून उरलेला थर्माकोल काढत होत्या, तेवढ्याने माझं काम झालं.

मग एक वर्ष असं आलं, की बाई मला मान देऊ लागल्या. कुठलंही शंकेचं मूल आलं की म्हणायच्या, "तू ऐक आधी." मी ऐकायचो. मग त्या बारकाईने विचारायच्या, ठोक्यात जादा आवाज कुठं आला, किती मोठा, बगलेकडे जातोय का, पाठीत येतोय का. मी सांगितलं की स्वतः नळी लावायच्या आणि मान हलवायच्या. मला वाटलं, झालो आपण तयार. घरी बायकोला सांगितलं, "बाई हल्ली माझ्या मतावर चालतात." ती भाजी निवडत म्हणाली, "त्यांची तब्येत बरी आहे ना?"

मी हसलो. तिच्या प्रश्नातलं मला काही कळलं नाही, आणि मान हलवण्याबद्दल बाई काय म्हणायच्या, तेही तेव्हा आठवलं नाही.

शेलारची हिराआजी नात घेऊन आली तो बुधवार होता. पूर्वा नाव. पोरगी शाळेत जायच्या वयाची, पण अंगावर मांस नाही, आणि खोकला हटत नव्हता. आई गोदामात कामाला, म्हणून आजी आली होती. मी नळी लावली. कानात घालून. पण खटाखट. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी म्हणालो, "आजी, मला ऐकू आलं नाही. शुक्रवारी आणा."

"मंग आज काय केलंत?" आजीने विचारलं.

शुक्रवारी दोघी आल्या. त्या दिवशी बाई "तू ऐक आधी" म्हणाल्या नाहीत. आधी त्यांनीच ऐकलं, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ ऐकलं. पूर्वा आजीच्या मांडीवर बिस्किट खात होती. मग नळी काढून बाई म्हणाल्या, "आता तू."

मी नळी टेकवली आणि आवाज आला. दातांच्या फटीतून कुणीतरी श्वास सोडावा तसा, दर ठोक्याला. त्यात शंकेला जागाच नव्हती. कॉलेजातल्या सगळ्यांत मागच्या बाकावरच्या पोरालाही आला असता. मी बाईंकडे बघितलं.

"मला काही आलं नाही," बाई म्हणाल्या. "तुला?"

आता माझं शौर्य बघा. मी म्हणालो, "तसं विशेष काही नाही."

बाई खुर्चीला टेकल्या. "विशेष नाही म्हणजे काय? आलं का नाही आलं?"

"म्हणजे, बाई, तुम्हाला जर..."

"डॉक्टर, माझ्याकडे नको बघू. पोरीकडे बघ. आलं का?"

"आलं."

"कुठं?"

मी बोट ठेवलं.

"किती मोठं?"

"मोठं आहे, बाई. नळी नीट टेकवावीसुद्धा लागत नाही." हे शेवटचं वाक्य कशाला बोललो, कुणास ठाऊक.

बाईंनी परत नळी लावली, बरोबर माझं बोट होतं तिथे. डोळे मिटले. पंखा फिरत होता. पूर्वा चावायची थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग बाईंनी नळी काढली, घडी घातली आणि म्हणाल्या, "न्हाय."

शेलारची बोली त्या दवाखान्यात फक्त गावच्या बायकांशी बोलायच्या. माझ्याशी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. मग त्या आजीकडे वळल्या.

"हिराआजी, ऐक. पोरीच्या काळजात आवाज हाय. मला आला न्हाय, माझे कान गेले. याला आला. तिला ठाण्याला काळजाच्या डॉक्टरकडं न्यायची, काळजाची सोनोग्राफी करायची."

आजीने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "तुमाला न्हाय आला, नि याला आला?"

"हो."

"मंग याचं खरं कशावरनं?"

"खोटं बोलून बघितलंन ना मघाशी. जमलं न्हाय त्याला," बाई म्हणाल्या. "आता तू सांग, काय करणार?"

"ठाण्याला न्यायची. काळजाच्या डॉक्टरकडं. सोनोग्राफी करायची. बापाला सांगायचं, एक दिस खाडा कर."

"बरोबर."

"आन भ्यायचं न्हाय."

"ते मी सांगितलं नव्हतं."

"मीच सांगते," आजी म्हणाली.

त्या दोघी गेल्या. बाई म्हणाल्या, "चला, पुढचं लेकरू," आणि पुढचं लेकरू माझ्या टेबलाकडे वळवलं. त्या दिवसानंतर त्यांनी एकाही मुलाला नळी लावली नाही. पूर्वाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र निघालं. ते मुंबईत बंद केलं, आणि पोरगी अंग धरू लागली. तोवर बाई दवाखान्यात येत राहिल्या. मी ऐकायचो, त्या आयांकडून वदवून घ्यायच्या. मग एका शुक्रवारी त्यांनी चपला टेबलाखालून काढल्या आणि खणातलं आपलं सगळं सामान पिशवीत भरलं. उद्यापासून त्या येणार नव्हत्या.

"कानाला मशीन लावा ना," मी म्हणालो.

"लावणार आहे. शेलारला भावाच्या घरी जातेय, तिथं वहिनीचं बोलणं ऐकायला पुरेल. लेकराचं काळीज ऐकायला पुरेल का, माहीत नाही. आणि ते लेकरावर तपासून बघायचं नसतं."

"तुम्हाला आधीपासून कळत होतं?"

"वर्षभर तुझ्या कानांनी ऐकलं. चालून गेलं." त्या चित्राजवळ थांबल्या आणि ते सरळ केलं. "मान हलवायची सवय लागायला लागली होती. त्या दिवशी म्हटलं, एकदा आपलं आपण बघू."

"आणि मी नाहीच म्हणालो असतो तर?"

"म्हणालासच की," बाई म्हणाल्या. "म्हणून तर दोनदा विचारलं."

आता दवाखाना मी एकटा चालवतो. पिंप मीच भरतो, चित्र मीच सरळ करतो, शुक्रवारी सुट्टी घेत नाही. संध्याकाळी पाय सुजतात. तो क्रेट फेकून द्यायचा होता, तो आता माझ्या टेबलाखाली आहे. "घरी जाऊन काय करणार?" हे दिवसभरात इतक्यांदा विचारतो, की परवा बायकोलाही विचारलं. ती म्हणाली, "झोपणार."

मात्र गेले काही महिने एक गोष्ट मला कळत नव्हती. तपासायला घेतलं की आया वाकून माझ्याकडे बघतात. आधी डावीकडून, मग उजवीकडून. सुरुवातीला मला वाटलं, माझं नाव झालंय आणि त्या आदराने बघतात. मग वाटलं, कानावर केस वाढलेत. ते कापून घेतले. तरी बघायच्या.

गेल्या शुक्रवारी हिराआजी आली. पूर्वाला साधी सर्दी. पोरगी आता इतकी दणकट झाली आहे, की आजीला मांडीवर पेलत नाही. मी हात पुढे केला तशी आजी म्हणाली, "थांबा जरा." टेबलावर वाकून तिने माझा डावा कान बघितला. मग उठून पलीकडे आली आणि उजवा बघितला. बाकावरच्या बायका शांतपणे वाट बघत होत्या, हे रोजचंच असल्यासारख्या.

"काय बघताय, आजी?"

"बाईंनी शेलारच्या समद्या बायांना सांगून ठेवलंय," आजी पूर्वाला पुढे ढकलत म्हणाली. "डॉक्टर बरा हाय. पर पोर हातात द्यायच्या आधी याच्या कानात नळी हाय का, तेवढं बघून घेत जा."